मोटारीची उंची आणि रस्त्याची कसोटी

मुंबईहून पुण्यास मोटारीनें निघालेला प्रवासी सायन-पनवेल रस्त्यानें कळंबोलीपाशीं येतो, तेव्हां त्याच्यापुढें दोन अगदीं भिन्न स्वभावांचे रस्ते उभे असतात. एक रस्ता यशवंतराव चव्हाण द्रुतगति मार्गाचा. सुमारें ९५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग सन २००२ मध्यें संपूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकी वाहनांस मज्जाव आहे, आणि सपाटीच्या भागांत मोटारींस ताशीं १०० किलोमीटर वेगाची मुभा आहे. दुसरा रस्ता वसाहतीच्या आंतला. सिडकोनें आंखून दिलेले सेक्टर, शाळांपुढील गतिरोधक, पावसाळ्यांत उखडणारें डांबर, लोखंड-पोलाद बाजाराकडे वळणारे अवजड ट्रेलर आणि न्हावा-शेव्याच्या बंदराकडे ये-जा करणारीं कंटेनरवाहू वाहनें, असा त्याचा थाट. पहिल्या रस्त्यावर जी मोटार डौलानें धांवेल, तीच दुसऱ्या रस्त्यावर पन्नास पावलांत अडकून पडावी, हें वरवर पाहतां चमत्कारिक वाटेल. परंतु अशा मोटारी आतां आपल्या शहरांत दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांच्याविषयीं जाणत्या कुटुंबांनीं थोडा विचार करणें अगत्याचें झालें आहे.

मोटार जमिनीच्या जितकी जवळ नेतां येईल तितकी न्यावी, ही हौस आज जगभरच्या मोटार-शौकिनांत पसरली आहे. चाकावरची कमान आणि टायर यांमध्यें बोटभरहि फट उरूं नये, मोटारीचें पोट रस्त्यास लागतें कीं काय असें पाहणारास वाटावें, आणि चाकें माथ्याच्या बाजूनें आंत झुकलेलीं असावींत, हीं या पंथाचीं लक्षणें. अशा मोटारीस तिचे भक्त इंग्रजी शब्दानेंच 'लोअर' केलेली अथवा 'स्लॅम' केलेली गाडी म्हणतात, आणि तिच्या उभें राहण्याच्या एकंदर ढबीस 'स्टान्स' असें नांव देतात. वडीलधाऱ्या माणसांस ती मोटार खचल्यासारखी वाटते. तरुणास तीच दबा धरून बसलेल्या वाघासारखी दिसते. या दोहोंत खरी दृष्टि कोणाची, हें ठरविण्यापूर्वीं मोटारीस मुळांत उंची कां असते, हा साधा प्रश्न विचारला पाहिजे.

आपल्याकडील जुन्या छकड्याचें चाक चांगलें उंच असे. तें हौसेखातर नव्हे. गाडीवाट म्हणजे वर्षानुवर्षें कापली गेलेली खोल चाकोरी. तींतून जातांना चाकें खालीं उतरत आणि मधला उंचवटा आंसाला लागूं पाही. चाक उंच असलें तरच आंस सुटत असे. जशी वाट तसें चाक, हा सुताराचा आडाखा होता. मोटारीच्या कारखानदाराचा आडाखा त्याहून निराळा नाहीं. फक्त तो मिलिमीटरांत मांडलेला असतो. मारुति सुझुकीची स्विफ्ट ही आपल्याकडे घरोघर दिसणारी मोटार घेतली, तर ती रिकामी असतांना तिच्या पोटाखालीं सुमारें १६ सेंटिमीटर जागा असते. माणसें व सामान बसलें म्हणजे स्प्रिंगा दबतात आणि ही जागा कमी होते. वेगांत ब्रेक दाबला तर नाक आणखी खालीं जातें. जें उरेल तें खड्ड्यासाठीं, दगडासाठीं आणि गतिरोधकासाठीं. म्हणजे ही उंची निर्मात्याच्या लहरीनें ठरलेली नसते. ज्या प्रकारच्या रस्त्यांवर ही मोटार चालावयाची आहे, त्या रस्त्यांशीं त्यानें केलेला तो एक प्रकारचा करार असतो.

उंचीची आणखी एक बाजू डोळ्यांस दिसत नाहीं. चाक आणि मोटारीचा सांगाडा यांमध्यें स्प्रिंग असते आणि स्प्रिंगेचें उसळणें आवरण्यासाठीं शॉक ॲब्सॉर्बर असतो. चाक उंचवट्यावर चढलें कीं स्प्रिंग दबते आणि सांगाडा मात्र बहुतेक जागच्या जागीं राहतो. यासाठीं चाकास वर सरकावयास मोकळी जागा हवी. ती संपली म्हणजे चाकाचा धक्का रबराच्या एका ठोकळ्यावर आदळतो आणि तेथून सरळ सांगाड्यांत शिरतो. ही मोकळी जागा हा मोटारीचा सांठवून ठेवलेला संयम आहे असें म्हटलें तरी चालेल. समजा, चाकास वर जाण्यास ८ सेंटिमीटर जागा आहे. मोटार ५ सेंटिमीटर खालीं आणली कीं त्यांतले फक्त ३ सेंटिमीटर उरतात. खड्डा मात्र पूर्वीं होता तेवढाच राहतो.

असें असतां मोटार खालीं आणण्याची कल्पना निघाली तरी कोठून? तिच्या मुळाशीं एक खरें शास्त्रीय तत्त्व आहे, आणि तें नाकारणें अन्यायाचें होईल. पितळी समई बुडाशीं जड असते म्हणून सहसा कलंडत नाहीं. तीच माथ्याशीं जड असती तर लहानशा धक्क्यासरशीं आडवी झाली असती. मोटारीचें तसेंच आहे. वळणावर तिचें वजन आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतें. किती सरकावें हें, वेग आणि वळण कायम धरल्यास, दोन मापांवर अवलंबून असतें: गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर असलेली मोटार ३ सेंटिमीटर खालीं आणली, तर सरकणारें वजन सुमारें साडेपांच टक्क्यांनीं घटतें. चारी चाकें कामाचा वांटा अधिक सारखा उचलतात आणि मोटार वळणावर अधिक स्थिर राहते.

शर्यतीच्या मोटारींत तर या गोष्टीस फार मोल आहे. मोटार जमिनीजवळ असली आणि तिच्या पोटाचा आकार विशिष्ट असला, तर खालून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि मोटार रस्त्याकडे ओढली जाते. १९८१ सालीं फॉर्म्युला वन शर्यतींत मोटारीखालीं निदान ६ सेंटिमीटर जागा असलीच पाहिजे, असा नियम अंमलांत आला. तेव्हां ब्रॅबम संघाचा रचनाकार गॉर्डन मरे यानें अशी युक्ति योजिली कीं, उभ्या मोटारीचें माप घेतलें तर ती नियमांत बसावी, आणि वेगांत हवेच्या दाबानें आपोआप खालीं बसावी. त्या वर्षीं नेल्सन पिके हा त्याच संघाच्या मोटारींतून जगज्जेता झाला. पण शर्यतीचा रस्ता आरशासारखा असतो, तेथें शाळेपुढचा गतिरोधक नसतो, आणि मोटारीची तपासणी प्रत्येक फेरीअखेर करणारे कारागीर जवळच उभे असतात, हें विसरतां कामा नये.

आतां गंमत अशी कीं, आज ज्या मोटारी जमिनीस टेकलेल्या दिसतात त्यांचा वंश शर्यतीच्या मैदानापेक्षां एका निराळ्याच ठिकाणीं सांपडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत लॉस एंजेलिस आणि आसपासच्या भागांतील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं जुन्या शेवरोले मोटारी स्वस्तांत घेऊन त्या सजविण्यास आरंभ केला. रंगावर रंग चढवावा, आंत मखमल लावावी, आणि डिकींत वाळूचीं पोतीं ठेवून किंवा स्प्रिंगा कापून मोटार खालीं बसवावी, अशी ही रीत. वेगानें जाणें हा त्यांचा हेतु नव्हताच. हळू जावें, म्हणजे लोकांनीं डोळे भरून पाहावें, हाच उद्देश होता. ज्या समाजाकडे शहर एरवीं लक्ष देत नसे, त्या समाजाच्या मुलांनीं रस्त्यावरून संथपणें जाऊन आपण येथें आहों हें सांगण्याचा हा एक मार्ग काढला. या मोटारींस 'लोरायडर' हें नांव पडलें.

सरकारची नजर त्यांवर गेलीच. १९५८ सालापासून कॅलिफोर्निया राज्यांत असा कायदा लागू झाला कीं, चाकाच्या धातूच्या कड्याची खालची कड जेथें असेल त्याहून खालीं मोटारीचा कोणताहि भाग येतां कामा नये. या कायद्यास उत्तर म्हणून हौशी लोकांनीं यंत्र शोधून काढलें. १९५९ च्या सुमारास रॉन अगीरे यानें आपल्या कॉर्व्हेट मोटारीस विमानाच्या जुन्या सामानांतील हायड्रॉलिक पंप बसविले. कळ दाबली कीं मोटार कायद्याच्या उंचीवर, आणि पोलिस नजरेआड झाला कीं पुन्हां जमिनीशीं! पुढें कित्येक शहरांनीं अशा संथ फेऱ्यांवरच बंदी घातली. या प्रकरणाचा शेवट मात्र मोठा बोधप्रद आहे. २०२३ सालीं त्याच राज्यानें नवा कायदा करून उंचीचें तें बंधन आणि फेऱ्यांवरील मनाई हीं दोन्हीं रद्द केलीं. १ जानेवारी २०२४ पासून तो अंमलांत आला. ज्या हौशीस पासष्ट वर्षें गुन्ह्याची छटा होती ती आतां एका समाजाची कला म्हणून मान्य झाली. तेव्हां तरुणांच्या नव्या छंदास पाहतांक्षणीं वेडाचार म्हणणारांनीं जरा सबुरीनें घ्यावें हेंच बरें.

जपानांतहि अशीच एक धारा वाहिली. तेथें बुटक्या मोटारीस 'शाकोतान' म्हणतात. मोटारीची उंची तोकडी, असा त्या शब्दाचा अर्थ. चाकें माथ्याशीं इतकीं आंत झुकवावयाचीं कीं तीं उलट्या पंख्यासारखीं पसरलेलीं दिसावींत, या प्रकारास तेथें राक्षसी कल अशा अर्थाचें 'ओनिक्यान' हें नांव मिळालें. पण त्याच जपानांत मोटारीची ठराविक मुदतीनें सक्तीची तपासणी होते आणि तींत जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर जागा असावी असा दंडक आहे. हौस मान्य, परंतु मापाच्या आंत, अशी ती व्यवस्था आहे. आज आपल्याकडील तरुण ज्या चित्रांवरून स्फूर्ति घेतात त्यांत हे कॅलिफोर्नियाचे आणि जपानचे दोन्ही संस्कार मिसळलेले असतात.

मोटार खालीं आणण्याच्या रीति मुख्यतः चार आहेत, आणि त्यांतील भेद घरच्या माणसांस ठाऊक असणें जरुरीचें आहे. कारण धोका हौशींत नसून पुष्कळदां रीतींत असतो. पहिली आणि सर्वांत स्वस्त रीत म्हणजे असलेली स्प्रिंग कापणें. स्प्रिंग ही वस्तुतः गुंडाळलेली पोलादी सळई होय. ती पिळली जाते आणि त्या पिळांतून तिचें बळ येतें. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगेचा एक वेढा कापला तर राहिलेली स्प्रिंग बुटकी तर होतेच, पण पूर्वींपेक्षां वीस टक्के ताठहि होते. तिचें कापलेलें टोंक बैठकीवर नीट बसत नाहीं. चाक खड्ड्यावर लोंबकळलें कीं ती जागेवरून निसटूं शकते. कोणी मिस्त्री गॅसच्या ज्योतीनें स्प्रिंग तापवून खालीं बसवितात. ही रीत त्याहूनहि वाईट. कारण त्या उष्णतेनें पोलादास दिलेलें पाणी उतरतें, आणि पाणी उतरलेली स्प्रिंग केव्हां दगा देईल याचा नेम नसतो.

दुसरी रीत म्हणजे मुद्दाम आंखूड घडविलेल्या स्प्रिंगा बसविणें. त्यांत उंची दोन-तीन सेंटिमीटरच घटते आणि स्प्रिंगेची ताकद शॉक ॲब्सॉर्बरशीं जुळती ठेवलेली असते. तिसरी रीत आट्यांच्या नळीची. तिला 'कॉईलओव्हर' म्हणतात. बाटलीचें झांकण फिरवावें तशी स्प्रिंगेखालची चकती फिरवून उंची कमी-अधिक करतां येते. चौथी रीत हवेच्या पिशव्यांची. स्प्रिंगेच्या जागीं जाड रबराच्या पिशव्या बसवितात आणि लहानसा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. मोटार उभी असतांना हवा सोडून तिला जमिनीस टेकवावी, चालवितांना हवा भरून वर उचलावी, असें यांत साधतें. अर्थात् ही रीत महागहि तितकीच. शौकिनांत यावरून दोन तट आहेत. कोणी हवेच्या पिशवीस पळवाट म्हणतात आणि कायमची बुटकी मोटार चालविण्यातच पुरुषार्थ मानतात. दुसरे त्यास हट्ट म्हणतात. रस्त्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हवेच्या पिशवीवाल्याचा पक्ष अधिक शहाणपणाचा दिसतो, कारण त्याची मोटार निदान चालतांना तरी आपल्या उंचीवर येते.

आतां हानीचा हिशेब. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत लाभ आहे हें वर सांगितलेंच. त्यापुढें तोच गुण दोष होऊं लागतो. चाकास सांगाड्याशीं जोडणारे दांडे मूळ रचनेंत जवळजवळ आडवे असतात. मोटार फार खालीं आणली म्हणजे ते चाकाकडे वर चढलेले होतात. त्यामुळें पुष्कळ मोटारींत, ज्या बिंदूभोंवतीं मोटार वळणावर कलते तो बिंदु गुरुत्वमध्याहूनहि झपाट्यानें खालीं जातो आणि कलण्याची प्रवृत्ति उलट वाढते. ती आवरण्यास स्प्रिंगा आणखी ताठ कराव्या लागतात. ताठ स्प्रिंगेचें चाक खडबडीत रस्त्यावर टप्पे खात जातें; आणि जें चाक क्षणभर हवेंत आहे तें त्या क्षणीं ना वळूं शकतें ना थांबवूं शकतें. चाकें आंत झुकवलीं कीं टायरची आंतली कड तेवढी रस्त्यास लागते. ती थोडक्या दिवसांत झिजून तारा दिसूं लागतात, आणि बाहेरून टायर नवा दिसत असल्यामुळें मालकास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. एंजिनाच्या तळाशीं असलेलें तेलाचें 'चेंबर' दगडावर आपटून फुटलें तर तेल वाहून जातें, आणि मालकाच्या ध्यानांत येईपर्यंत एंजिन जाम होतें. मोटारीचा पुढचा आणि मागचा भाग सारखा खालीं आला नाहीं तर दिव्यांचा झोत बदलतो. मागची बाजू अधिक बसली तर तो झोत समोरून येणाराच्या डोळ्यांत जातो. येथें हानि केवळ मालकाची राहत नाहीं, हें लक्षांत घ्यावें.

कळंबोलीसारख्या ठिकाणीं या गोष्टीस विशेष महत्त्व येतें. येथें ठाणें-मुंब्र्याकडून, मुंबईकडून, बंदराकडून आणि पनवेलकडून आलेले रस्ते एकत्र होतात, आणि त्यांवर अवजड वाहनांची रीघ असते. ट्रेलरचा चालक उंच बसतो. त्याच्या वाहनाच्या नाकापुढचा आणि डाव्या अंगाचा बराचसा भाग त्यास दिसत नाहीं. साधी मोटारहि तेथें लपते. मग छप्परासकट खालीं बसलेली तर सहजच लपणार. त्यांत ती मोटार गतिरोधकापुढें एकाएकीं जवळजवळ थांबते, तिरपी होते आणि एक-एक चाक चढवीत रस्ता ओलांडते. बुटक्या मोटारीच्या चालकास असें तिरपें जावेंच लागतें; परंतु मागून वीस-पंचवीस टन लोखंड घेऊन येणाराला तें आधीं कसें कळावें?

गतिरोधकाचा उल्लेख निघाला म्हणून त्याचेंहि गणित पाहूं. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें १९८८ सालीं गतिरोधकाचें जें माप सांगितलें तें असें: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस, रुंदी ३.७ मीटर, मध्यें उंची १० सेंटिमीटर. त्यावरून ताशीं २५ किलोमीटर वेगानें सुखानें जातां यावें. स्विफ्टच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारें २.४५ मीटर आहे. म्हणजे अशा गतिरोधकावर तिचीं चारी चाकें एकाच वेळीं मावतात. भूमितीनें पाहिलें तर त्या वेळीं चाकांच्या पातळीवर पोटाखालीं कंसाचा उंचवटा अवघा साडेचार सेंटिमीटर येतो. चाकापुढें पाऊण मीटर निघालेलें नाक असलें, तर चाक पायथ्याशीं पोंचतें त्या क्षणीं नाकाखालीं सुमारें साडेसहा सेंटिमीटर उंचवटा असतो. याचा अर्थ असा कीं, शास्त्रशुद्ध गतिरोधक साध्या मोटारीस मुळींच लागत नाहीं, आणि ९ सेंटिमीटरपर्यंत खालीं आणलेली मोटारहि त्यावरून हळू निघून जाईल. ६ सेंटिमीटरवर आणलेल्या मोटारीचें पोट सुटेल, पण नाक घासेल.

आतां गल्लीच्या तोंडाशीं रात्रींत घातलेला, हातभर रुंद आणि वीतभरास थोडा कमी असा डांबराचा ओटा घ्यावा. त्यावर चाकें एकदम मावत नाहींत. पुढचीं चाकें पलीकडे उतरलेलीं आणि मागचीं अलीकडे असतांना संपूर्ण ओटा पोटाखालीं येतो. त्याची उंची १५ सेंटिमीटर असली तर बुटक्या मोटारीची गोष्टच सोडा, पांच माणसांनीं भरलेली साधी मोटारहि घासते. रुग्णवाहिकेंतील आजाऱ्यास, गरोदर स्त्रीस, रिक्षांतल्या म्हाताऱ्यास त्याचा जो हिसका बसतो तो निराळाच. तेव्हां मोटारीच्या उंचीचा तो करार दोन्हीं बाजूंनीं मोडला जातो. हौशी तरुण मोटार खालीं आणून तो मोडतो, आणि मापाविना गतिरोधक घालणारा रस्ता वर आणून तोच मोडतो. पहिल्याचा दोष डोळ्यांस भरतो, दुसऱ्याचा अंगवळणीं पडला आहे, एवढाच काय तो फरक.

कायद्याची बाजूहि स्पष्ट समजून घेतली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. त्याच वर्षीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें, परवानगीविरुद्ध फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्हीं शिक्षा सांगितल्या आहेत. पनवेलच्या परिवहन कार्यालयांत नोंदलेल्या, म्हणजे एम्. एच्. ४६ या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या मोटारींना हें जसें लागू, तसेंच देशांतील इतर सर्व मोटारींना लागू. शिवाय विमा कंपनीस न कळवितां केलेला फेरफार अपघातानंतर नुकसानभरपाई मागतांना आड येऊं शकतो. दंड एकदां भरून विसरतां येतो. परंतु दुसऱ्याच्या दुखापतीची भरपाई स्वतःच्या खिशांतून देण्याचा प्रसंग सबंध घरावर येतो.

इतकें सांगितल्यावर घरांतील कमावत्या मुलानें मोटार खालीं करण्याची इच्छा दर्शविली तर काय करावें? नुसतें 'नाहीं' म्हटल्यानें हौस मरत नाहीं, ती गुपचूप स्वस्त गॅरेजकडे वळते. आणि स्वस्त गॅरेज म्हणजे बहुधा कापलेली स्प्रिंग. त्यापेक्षां त्यास चार प्रश्न विचारावे. स्प्रिंग कापणार कीं घडविलेली घेणार? चाकास वर सरकण्यास किती जागा उरेल? चाकांची रेषा आणि दिव्यांचा झोत नंतर कोण जुळवून देईल? आणि हा फेरफार नियमांत बसतो कीं नाहीं, हें परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत लेखी विचारलें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें शोधतांना त्या तरुणास आपली मोटार जेवढी समजेल तेवढी ती दहा वर्षें नुसती चालवूनहि समजणार नाहीं. पुष्कळांची हौस या अभ्यासाअंतीं आपोआप मापांत येते. ज्यांची त्यानंतरहि येत नाहीं, त्यांनीं अशी मोटार प्रदर्शनासाठीं किंवा बंद धावपट्टीसाठीं राखावी आणि तेथें ती वाहून न्यावी. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर जशा शर्यती भरविल्या गेल्या आहेत, तशीं ठिकाणें याच कामासाठीं असतात.

सुंदर दिसण्याची आणि दिसविण्याची इच्छा ही तारुण्याची खूणच आहे. बैलांच्या शिंगांस रंग देणारा आणि छकड्यास घुंगुर बांधणारा शेतकरीहि त्याच इच्छेनें तें करीत असे. पण तो घुंगुर बांधी. आंस कापीत नसे. आपल्या सोसायटीपुढचा गतिरोधक ठराविक मापाचा आहे कीं नाहीं हें टेप लावून पाहावें, नसल्यास पनवेल महानगरपालिकेकडे लेखी तक्रार करावी, आणि त्या तक्रारीवर बुटक्या मोटारीच्या मालकानेंहि सही करावी. त्याला त्या रस्त्याचा प्रत्येक उंचवटा इतरांपेक्षां अधिक पाठ असतो.